निखाऱ्यांची ऊब

सुती कापडावर पाण्याचा शिपका पडतो, वरून कोळशाची इस्त्री फिरते आणि वाफेबरोबर एक वास उठतो. उबदार, थोडा करपट, खळीचा. दिल्लीचं सरोजिनी नगर म्हटलं की लोकांना बाजार आठवतो, फेरीवाल्यांच्या आरोळ्या आणि कपड्यांचे ढीग आठवतात. मला हा वास आठवतो. केंद्र सरकारच्या नोकरदारांसाठी बांधलेल्या तिथल्या दुमजली क्वार्टरांत माझं बालपण गेलं. जुनी माणसं तेव्हाही त्या वसाहतीला विनय नगरच म्हणत. आमच्या ब्लॉकच्या कोपऱ्यावर, कडुनिंबाखाली, प्रेसवाल्या आंटींचं टेबल असे. बाबांच्या शर्टांचा गठ्ठा घेऊन मी जायचे आणि तो वास घेत उगीच रेंगाळायचे.

डिसेंबरात धुकं उतरलं की त्या वासाला माया यायची. आंटी इस्त्री हलवून निखारे फुलवायच्या, त्यांची धाकटी टेबलाखाली गाठोड्याला टेकून पाढे म्हणायची. मागच्या भिंतीला ताडपत्री बांधलेली होती, शेजारी पत्र्याची एक पेटी. ते त्यांचं घर आहे, हे मला एका रात्री आईबरोबर उशिरा परतताना कळलं. उरलेले निखारे तसराळ्यात काढून चौघं त्याभोवती दाटीवाटीने बसली होती. दिवसभर आमच्या शर्टांना पुरवलेली ऊब रात्री अशी थोडी थोडी वाटून घ्यायची.

"खाना हो गया?" आईने विचारलं.

"हो गया, भाभीजी."

घरी आल्यावर आई बराच वेळ बोलली नाही. मी रजईत शिरले, पण पाय काही गरम होईनात.

पुढे २०१६ मध्ये सरोजिनी नगरासह दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती नव्याने बांधायला मंजुरी मिळाली. नोकरदारांना दुसरी क्वार्टरं मिळत गेली. आंटींच्या नावावर ना घराचा क्रमांक होता, ना वाटपाचा कागद. २०१८ मध्ये या बांधकामासाठी तोडली जाणारी झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, बुंध्यांना मिठ्या मारून उभे राहिले, उच्च न्यायालयाने तोड काही काळ थांबवली; तेव्हा माझे डोळे भरून आले होते. त्या सावलीत संसार मांडलेल्यांनाही कुणी असंच कवेत घ्यावं, असं फार वाटलं.

एप्रिल २०२२ मध्ये सरोजिनी नगरातल्या दोनशेच्या आसपास झोपड्या पाडल्या जाणार होत्या. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली गेली आणि पाडकामाला स्थगिती मिळाली. बातमी वाचताना मला टेबलाखालची ती धाकटी दिसत राहिली. वय जुळत नव्हतं. तरी तीच दिसत होती.

दिल्लीला गेले की मी मेट्रोतून उतरते आणि नव्या इमारतींच्या कडेकडेने चालत चहावाल्यांना, भाजीवाल्यांना आंटींबद्दल विचारते. कुणी म्हणतं, गावी गेल्या. कुणी शेजारच्या पिलंजी गावाकडे बोट दाखवतं. पिलंजीच्या सगळ्या गल्ल्या अजून माझ्या पाहून व्हायच्या आहेत.