उलटी लव

१४ मे, रात्र

आज पुन्हा कूलर बंद करून बसलो. दुसरा इलाज नाही. फर कापली की तिचा भुगा उडतो, कूलर तो घरभर नेतो आणि दुसऱ्या दिवशी तो वरणात सापडतो. नागपूरच्या मे महिन्यात कूलर बंद! घरच्यांनी मला केव्हाच ओवाळून टाकलंय.

फर उलटी पसरायची, बारीक कात्रीच्या टोकाने फक्त मागचं कापड कापायचं, वरच्या केसांना धक्का लावायचा नाही. एवढं जपूनही टेडीचा डावा हात उलट्या लवेचा निघाला. कुरवाळलं तर उजवा मऊ, डावा फणकारतो. उसवला. इतवारी बाजारातून फर अर्धाच मीटर आणली होती. उरलेल्या तुकड्यात नवा हात बसत नाही.

टेडी हे नाव १९०२ मधलं. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला नकार दिला, त्यावर व्यंगचित्र आलं, मग खेळणं. बाजारातला टेडी गुबगुबीत, गोल तोंडाचा. माझा मात्र ताडोब्याचा: काळा, झिपऱ्या, तोंड लांबट नि फिकट, छातीवर इंग्रजी व्हीसारखा पांढुरका पट्टा. भाचीने निरखून विचारलं, "मामा, हा कुत्रा आहे का?"

तान्ह्या पोळ्याला सगळी पोरं लाकडी बैल मिरवतात. हिला अस्वल मिरवायचंय. "चाकं लावून दे." कापसाच्या पायाला चाकं कशी बसवावी, या विचारात दाभण बोटात घुसली.

कूलर लावला.