दुसऱ्या फळीतला हॉकीपटू

आमच्या मढला बर्फ येतो तो मासळीवर घालायला. त्यावर खेळायचं वगैरे कोणाच्या डोक्यात येत नाही. अगदीच हौस असली तर पूर्वी मार्व्याहून बोटीने गोराईला, एस्सेलवर्ल्डला जायचं. तिथे आइस स्केटिंगचं एक रिंक होतं, पण त्यावर कठडा धरून घसरणारी आपल्यासारखीच मंडळी :)

हे आठवायचं कारण माझा भाचा. नववीत आहे, शाळेकडून हॉकी खेळतो (आपली साधी, मैदानावरची), आणि रात्री जागून कॅनडातल्या आइस हॉकीचे व्हिडिओ बघतो. परवा म्हणाला, "मामा, हे लोक फक्त हेच करतात? नोकरी नाही?"

प्रश्न साधा, पण मी विकांतभर त्यातच अडकलो.

रॉबिन बावाचं उदाहरण घ्या. १९८९ मध्ये एनएचएलमध्ये खेळलेला हा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू. एनएचएलमधले त्याचे एकूण सामने किती? फक्त ६१. पण त्याचं करिअर तेवढंच नव्हतं. दशकभर तो खालच्या लीगमध्ये खेळला, आणि त्याही व्यावसायिक लीग. म्हणजे वरच्या पायरीवर टिकला नाही तरी खाली उभं राहायला जागा होती.

आता आपला धनराज पिल्ले. जन्म खडकीचा, १९६८. वडील ग्राउंड्समन. मोडक्या स्टिक्स बांधूनबिंधून खेळायला शिकला. मग मुंबईला थोरल्या भावाकडे, रमेशकडे आला. रमेश आरसीएफकडून खेळायचा. धनराजला महिंद्राच्या संघात जागा मिळाली, पुढे विमान कंपनीची नोकरी. चार ऑलिंपिक, चार वर्ल्ड कप, चार एशियाड, तीनशेहून जास्त आंतरराष्ट्रीय सामने! १९९८ ला बँकॉकमध्ये त्याच्या कप्तानीखाली ३२ वर्षांनी एशियाडचं सुवर्ण आलं, आणि त्यानंतर लगेच तो आणि आणखी काही सीनियर संघाबाहेर. मधल्या काळात जर्मनी, फ्रान्स, मलेशिया, ढाका असं फिरून परदेशी क्लबांकडूनही खेळला.

म्हणजे देशातला सर्वोत्तम खेळाडू, आणि त्याच्याही पाठीशी आधार कशाचा, तर कंपनीच्या नोकरीचा. लडाखमधल्या आइस हॉकीचंही तेच. तिथल्या कित्येक खेळाडूंना लष्कर किंवा आयटीबीपीची वर्दी सांभाळते. हिवाळ्यात तळी गोठली की खेळ, पगार मात्र बारा महिने.

नोकरीला नावं ठेवत नाहीये हं. ती नसती तर आपली हॉकी केव्हाच झोपली असती. पण ती एक कुबडीच. कंपनीने संघ बंद केला की खेळाडू बाहेर. लीग म्हणाल तर २००५ ला पीएचएल आली, धनराज मराठा वॉरियर्सकडून खेळला, २००८ नंतर ती गुंडाळली. २०१३ ला हॉकी इंडिया लीग आली, २०१७ नंतर थांबली, ती थेट २०२४ च्या डिसेंबरात परत सुरू झाली. मधली सात वर्षं! बावीस वर्षांच्या पोरासाठी सात वर्षं म्हणजे अख्खं करिअर.

आपल्या आयटीत बघा. आपण काही सगळे नारायण मूर्ती नाही. साधा, बऱ्यापैकी कोड लिहिणारा माणूसही घराचा हप्ता भरतो, पोरांची फी भरतो. म्हणून तर आईबाप डोळे मिटून इंजिनियरिंगला पाठवतात. धंदा टिकतो तो या मधल्या फळीच्या जिवावर. खेळात आपण फक्त पहिल्या अकरांचं बोलतो आणि मग म्हणतो, मुलं खेळात का येत नाहीत?

भाच्याच्या आईला, म्हणजे माझ्या ताईला, भीती वाटते. आणि तिचं चूक नाही. "हा धनराज झाला नाही तर?" हाच तिचा प्रश्न. मी तिला म्हटलं, थांबव नको, पण बारावी सोडू देऊ नकोस. आणि कोणी कोच भेटलाच, तर मुलगा किती मोठा होईल हे विचारत बसू नकोस. त्याच्या हाताखालचा, भारताकडून कधीच न खेळलेला, बऱ्यापैकी चांगला खेळाडू आज काय कमावतो, तेवढं विचार.

उत्तर मिळालं तर मलाही कळव म्हणालो.