रविवारची भेंडी

मुलगी परगावी शिकायला गेली म्हणजे बापाच्या जवळचे शब्द एकेक करून गळून पडतात आणि शेवटी दोनच उरतात : "जेवलीस का?" शब्दांवर थोडेफार नाव मिळवलेल्या माणसाला हे शोभत नाही, हे मला कळते. मी चार कादंबऱ्या लिहिल्या आहेत. त्यांतली पात्रे टेलिफोनवर पानेच्या पाने बोलतात. पण रात्री नऊच्या ठोक्याला लेकीचा आवाज कानावर आला की माझी सगळी प्रतिभा त्या दोन शब्दांत आटोपते.

याला कारण आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आता त्याला दहावी म्हणतात, पण आमचे वडील मॅट्रिकच म्हणत आणि त्यांच्या तोंडी ते अधिक भारदस्त वाटे. पुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका घेतली आणि तालुक्याच्या शाळेत लागलो. 2022 साली लेकीला सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला तेव्हा आमच्या आळीत पेढे वाटले गेले. साडेचार वर्षे अभ्यास आणि वर एक वर्ष इस्पितळात उमेदवारी, असा तो साडेपाच वर्षांचा प्रपंच. तिच्या अभ्यासात मी काय मदत करणार? हृदयाचे चित्र मी तिच्यापेक्षा सुबक काढीन. पण त्यातून रक्त कोणत्या वाटेने जाते आणि कोणत्या वाटेने येते, ते तिनेच सांगावे. तेव्हा जिथे आपली अक्कल चालते तिथेच माणसाने विचारावे, म्हणून मी विचारतो, "जेवलीस का?"

आणि उत्तर कसे येई! "हो बाबा, जेवले," एवढ्यावर ती कधी थांबली नाही. सोमवारी मुगाची आमटी, मंगळवारी मेथी, गुरुवारी मटकीची उसळ आणि रविवारी भेंडी. आमटीला फोडणी लसणाची होती की हिंगाची, भाकरी ज्वारीची होती की बाजरीची, असा सगळा तपशील. मी ते सौ.ला जसेच्या तसे सांगे. ती "बरं झालं बाई," म्हणे आणि देवघरातला दिवा सारखा करून झोपायला जाई. वैद्यकीय विद्यार्थ्यांची इतकी सुरेख सोय सरकार ठेवते, हे पाहून सरकारविषयीचे माझे मत त्या दिवसांत पुष्कळच सुधारले होते.

पहिल्या सुट्टीत ती घरी आली तेव्हा एक गोष्ट मात्र खटकली. पोरगी वरणभात चमच्याने खाऊ लागली होती. शहरी वळण लागले, असे समजून मी थट्टा केली. ती म्हणाली, "तसं नव्हे बाबा. डिसेक्शन हॉलमध्ये देह फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले असतात. हात कितीही धुतले तरी तो वास बोटांना राहतो. घास तोंडाशी आला की आधी वास येतो." मग हळूच हसून म्हणाली, "महिन्याभरात सवय होते." सवय कशाची होते, वासाची की न जेवण्याची, हे मी विचारले नाही. कादंबरीकार म्हणवतो, पण तेव्हा मला ते सुचलेच नाही.

2024 ची दिवाळी आली. दिवाळीनंतर लगेच परीक्षा होती, म्हणून तिने घरी यायचे रद्द केले. दिवाळी येत नाही तर दिवाळीचा डबा जाईल, असे सौ.ने जाहीर केले आणि बेसनाचे लाडू, चकल्या, करंज्या, शेव आणि चिवडा भरलेले दोन स्टीलचे डबे माझ्या मांडीवर देऊन मला एस.टी.त बसवले. वसुबारसेच्या आदल्या दिवशी, रविवारी, चार वाजता मी तिच्या होस्टेलशी पोहोचलो.

लेक खाली आली. पाया पडली. वाकून उठताना तिने क्षणभर भिंतीला हात टेकला, तो माझ्या डोळ्यांत राहिला. एक डबा तिच्या मैत्रिणींनी जिन्यातच उघडला. पाव तासात त्यात चिवड्यातल्या मिरच्या तेवढ्या उरल्या. मुली भुकेल्या असतात हे ठाऊक होते, पण लाडू खाताना कुणी बोलेनासे होते, इतक्या भुकेल्या असतील असे वाटले नव्हते.

सातच्या सुमारास मी म्हटले, "चल, आज तुझ्या मेसमध्येच जेवू. पाहुण्याचे पैसे भरीन. आज रविवार, म्हणजे भेंडी असेल."

लेकीचा चेहरा उतरला. "बाहेर जाऊ या ना बाबा," म्हणाली. मी कसला ऐकतोय! चालू लागलो. मेसच्या दाराला कुलूप होते आणि दारावरच्या पाटीवर रंगाने लिहिले होते : 'रविवारी रात्री मेस बंद राहील.' पाटीचा रंग उडालेला होता. ती काही कालपरवाची नव्हती.

मी पाटी दोनदा वाचली. दोन वर्षांतले किती रविवार होतात याचा हिशेब मनात सुरू झाला. तितक्या वेळा मी भेंडी ऐकली होती. पुढच्या कादंबरीतल्या एका होस्टेलच्या प्रसंगासाठी ती वहीत टिपूनही ठेवली होती. दुसऱ्याच्या पात्रांना खोटे बोलताना पकडणारा मी, घरच्याच पात्राने मला साफ गुंडाळले होते.

आम्ही तिथल्याच पायरीवर बसलो. मी काही विचारले नाही. थोड्या वेळाने तिनेच सांगायला सुरुवात केली.

सकाळी नाश्त्याची वेळ असते ती रात्री दोनपर्यंत वाचत बसलेल्यांच्या झोपेची वेळ. नऊला वॉर्डात हजर राहायचे. दुपारी मेस दीडला बंद होते आणि मोठ्या डॉक्टरांची फेरी कधी संपेल ते त्यांनाही सांगता येत नाही. दोनला पुन्हा वर्ग. संध्याकाळी वाचनालयात जागा धरायची. जेवायला उठले की जागा जाते. मग चहा आणि बिस्किटे, पुन्हा चहा, कधी वडापाव. रात्री बारा वाजता इस्पितळाच्या फाटकासमोरच्या गाडीवर पोहे नाहीतर अंडाभुर्जी, तीही उभ्या उभ्या. मेसचे पैसे महिन्याचे महिन्याला भरलेले असतात. जेवण मात्र आठवड्यातून चार-पाच वेळा हाती लागते.

"आणि ती आमटी, मेथी, उसळ?"

"घरी त्या दिवशी काय असेल ते आठवायचं आणि सांगायचं," ती म्हणाली. "सांगताना जरा जेवल्यासारखं वाटायचं, बाबा."

आमच्या घरी रविवारच्या बाजारानंतर भेंडी असते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले.

आणखी एक गोष्ट तिने त्याच पायरीवर सांगितली. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात प्रत्येकाने स्वतःच्या बोटाला सुई टोचून स्वतःचे हिमोग्लोबिन मोजायचे असते. नळीत सौम्य आम्ल घ्यायचे, त्यात रक्ताचा थेंब सोडायचा, दहा मिनिटे थांबायचे आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थेंब थेंब पाणी घालायचे. बाईचे हिमोग्लोबिन निदान बारा हवे. लेकीच्या नळीतला रंग साडेआठच्या वर थोडासा गेल्यावरच काचेशी जुळला. तिने पुन्हा करून पाहिले. तेवढेच आले. मग तिने प्रयोगवहीत बारा लिहिले, सही घेतली आणि चहा प्यायला गेली.

"अगं पण तुला तर सगळं ठाऊक!" मी म्हटले.

तिला ठाऊक होतेच. पंडुरोगाची लक्षणे तिने मला तिथल्या तिथे म्हणून दाखवली : थकवा, धाप, चक्कर, फिकटपणा. चहाने अन्नातले लोह अंगी लागायला अडथळा येतो, म्हणून जेवणाबरोबर चहा नको. पालेभाजीवर, उसळीवर लिंबू पिळावे, म्हणजे लोह अधिक लागते. 2019 ते 21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी शेकडा 57 पंडुरोगी निघाल्या, हाही आकडा तिला पाठ होता. त्या सत्तावन्नांत आपण एक आहोत, एवढे मात्र तिने कुणाला सांगितले नव्हते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

"रोग्याची माहिती घेताना विचारायचं असतं," ती म्हणाली, "भूक कशी आहे, झोप लागते का, आहार काय. रोज वीस जणांना मी हे विचारते. परवा एका खाटेपाशी एक आजी बसल्या होत्या, पेशंटची आई. माझे प्रश्न संपल्यावर मलाच म्हणाल्या, 'पोरी, सकाळधरनं हुबी हाईस. तू काय खाल्लंस का न्हाई?' मला उत्तर देता येईना. त्यांनी फडक्यातली अर्धी भाकरी मोडून हातावर ठेवली, वर खर्डा. मी जिन्यात जाऊन खाल्ली."

एवढे सांगून ती रडली. त्या बाईचा मुलगा खाटेवर, घर चाळीस कोसांवर, फडक्यात मोजून आणलेल्या भाकरी. आणि त्यांतली अर्धी माझ्या लेकीच्या पोटात गेली होती. ज्या माउलीचे नावही मला ठाऊक नाही तिचे हे ऋण फेडायचे कसे, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही.

त्या रात्री लॉजच्या खोलीत झोप आली नाही. मोकळा तास मिळाला की शाळेत मी मुलींना आनंदीबाई जोश्यांची गोष्ट सांगतो. 1883 साली ही अठरा वर्षांची मुलगी बोटीने अमेरिकेस गेली, फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकली, 1886 साली डॉक्टर झाली. इथवर माझा आवाज चढत जातो. पुढचे मी भराभर आटोपतो : परक्या थंडीत शाकाहार सांभाळताना झालेली आबाळ, खालावत गेलेली प्रकृती, क्षय, आणि 1887 च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना पुण्यात आलेला मृत्यू. पदवीचे चित्र मी मुलींकडून कितीदा काढून घेतले. त्या परक्या मुलखात आनंदीबाईंच्या ताटात काय होते, हे चित्र काढायला मी कधी सांगितले नाही.

आणि मग मला वडिलांची आठवण झाली. माझे आजोबा वार लावून शिकले होते. सोमवारी या घरी जेवण, मंगळवारी त्या घरी, अशी सात घरे. वडील ते सांगत तेव्हा मला त्यात दैन्य तेवढे दिसे. कधी कुणी पान वाढताना तोंड वाकडे करी, हेही खरे. पण वाराचा मुलगा एखाद्या दिवशी आला नाही तर ते घर विचारी, 'आज तो पोर का आला नाही?' आठवड्यातला एकही वार असा नव्हता, की त्या दिवशी आजोबा जेवले की नाही हे कुणाला ठाऊक नाही. माझ्या लेकीजवळ आगाऊ पैसे भरलेली मेस होती, पण तिचा एकही वार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला आणि तिच्या मैत्रिणींना ही गोष्ट सांगितली. उपदेश केला नाही. डॉक्टर होणाऱ्यांना मॅट्रिकने आहारशास्त्र काय शिकवावे? मुली ऐकत होत्या. त्यांतली एक बोटे मोजून म्हणाली, "काका, आपण सातच आहोत की!"

तेव्हापासून त्यांनी वार वाटून घेतले आहेत. ज्या मुलीचा वार असेल तिने बाकीच्या सहाजणी दोन्ही वेळा बसून जेवल्या की नाही हे पाहायचे. वॉर्डात अडकलेलीचा डबा भरून ठेवायचा. वाचनालयातल्या जागेवर आळीपाळीने वही ठेवून राखण करायची. फाटकासमोरची गाडी काही सुटली नाही. पण तिथे आता मटकीची उसळ मागतात आणि वर लिंबू पिळून घेतात, असे कळते. रविवारी रात्री विजेच्या भांड्यात खिचडी होते. ही ओळ होस्टेलच्या अधिकारी बाईंनी कृपा करून वाचू नये.

लेकीने त्याच आठवड्यात पुन्हा रक्त तपासून घेतले आणि या वेळी आलेला आकडा जसाच्या तसा आपल्या शिक्षिकेला दाखवला. गोळ्या सुरू झाल्या. 2025 च्या उन्हाळ्यात आकडा अकरा पूर्णांक चारवर आला. बारा अजून झालेले नाहीत. पण आकडा खरा आहे, म्हणून मला तो वहीतल्या बारापेक्षा मोठा वाटतो.

आमच्या दोघांत एक करारही झाला आहे. मी विचारायचे ते विचारीनच. तिने मात्र जे खाल्ले असेल ते सांगायचे. आता कधी उत्तर येते, "आज दोन वडापाव, बाबा." मी रागावत नाही. सौ.ला मात्र हे सांगत नाही. मुगाची आमटी होती म्हणतो. घरात एकाने तरी कादंबरी लिहायला हवी.

मागच्या महिन्यातल्या एका रविवारी रात्री नऊच्या सुमारास टेलिफोनवर एक छायाचित्र आले. स्टीलच्या ताटलीत भेंडीची भाजी. एका बाजूने काळी पडलेली, मीठ बहुधा जास्तच. खाली लिहिले होते : 'माझा वार.'

मी ते सौ.ला दाखवले. तिने चष्मा लावून बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "करपवलीन की हो!"

आणि दिवा सारखा करायला ती देवघरात गेली.