देवगिरीचे ताल, चंदिगडचं काँक्रीट

चंदिगड, सेक्टर १. सचिवालयाची लांबी २५४ मीटर. बघणाऱ्याचं लक्ष त्या लांबीकडेच जातं. मी मात्र काचांमधल्या काँक्रीटच्या उभ्या पट्ट्यांपाशी थबकलो. त्यांतली अंतरं सारखी नाहीत. दोन-तीन जवळजवळ, मग मोकळीक, पुन्हा दाटी. नजर पुढे सरकते तशी लय जाणवते, पण सम कुठेच सापडत नाही.

ही पद्धत यानिस झेनाकिसची. हा ग्रीक इंजिनीअर १९४७ ते १९५९ सचिवालयाचा वास्तुशिल्पकार ल कॉर्ब्युझिए याच्या कचेरीत होता. फ्रान्समधल्या ला तूरेत मठालाही त्याने अशाच काचा दिल्या. शिवाय तो संगीतकार. पॅरिसमध्ये संगीतकार ऑलिव्हिए मेसियांच्या वर्गात तो बसत असे.

मेसियां १९३१ पासून १९९२ साली वारेपर्यंत पॅरिसच्या त्रिनिते चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या संगीताचं एक मूळ चर्चच्या उपासनेतल्या ग्रेगोरियन गानात आहे: एकच स्वररेषा, साथ नाही, लॅटिन शब्दांच्या ओघात दोन-दोन, तीन-तीन मात्रांचे गट. ऑर्गनला हे गान मानवतं, कारण पट्टी दाबलेली असेपर्यंत त्याचा स्वर विरत नाही. ऑर्गनसाठी लिहिणाऱ्या तूर्नमीरने १९२७ ते १९३२ या काळात वर्षभराच्या उपासनांसाठी ५१ संच या गानावर रचले. तसाच ऑर्गनसाठी लिहिणाऱ्या द्युरुफ्लेने १९३० साली त्यातलं ‘वेनी क्रेआतोर’ हे स्तोत्र घेतलं. दोघांनीही मुख्यतः सुरावट घेतली.

मेसियांला त्या गानातला काळही हवा होता. सारख्या ठोक्यात न अडकणारी लय शोधताना एका फ्रेंच संगीतकोशात त्याला १२० देशी तालांची यादी मिळाली. ती शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकरा’तली. १३वं शतक, देवगिरी म्हणजे दौलताबाद, यादव राजा सिंघणाचा दरबार. दौलताबादचा किल्ला चढताना हे कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मेसियांचं ऑर्गनसाठीचं ‘लीव्र दॉर्ग’, १९५१. पहिल्याच तुकड्यात प्रतापशेखर, गजझंप आणि सारस. तिन्ही ताल एका ओळीत मांडून मेसियां ती ओळ दोन्ही टोकांकडून मध्याकडे वाजवतो, मग मध्यातून टोकांकडे, शेवटी सरळ उलटी. ठेका नाही, आवर्तन नाही. आपल्या तबलजीला हे परकं वाटेल, आणि तसं वाटणं रास्तच आहे. मेसियांने ताल कोशातून घेतले, गुरूकडून नाही. तरी मला ही उचल मोलाची वाटते: लहानमोठ्या कालखंडांचं नुसतं नातं उरतं, आणि ग्रेगोरियन गानाच्या मोकळ्या काळाशी ते सहज जुळतं.

ऐकायला सुरुवात करायची तर नाताळचं ‘पुएर नातुस एस्त’ आधी नुसत्या कंठांतून ऐकावं. पहिलीच झेप षड्जावरून थेट पंचमावर. मग मेसियांच्या १९८४ सालच्या ‘लीव्र द्यु सँ-साक्रमां’मधला त्याच नावाचा पाचवा भाग. ओळख पटते. ती एकदा पटली की १९५१चं अवघड काम ऐकायचा धीर येतो.