लाकडाच्या घरात लोखंडी तंदूर

तंदूर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येते ती गरमागरम रोटी. पण कुलू-मनाली, लाहौल किंवा किन्नौरमध्ये डिसेंबरच्या संध्याकाळी घरमालकिणीने "तंदूर पेटवू का?" असं विचारलं, तर रोटीची वाट पाहत बसू नये! तिथे तंदूर म्हणजे खोली उबदार ठेवणारी लोखंडी शेगडी. पत्र्याची चौकोनी पेटी, लाकूड सारायला पुढे दार, वर भांडं ठेवायची जागा आणि घराबाहेर जाणारा धुराचा पाइप. काश्मीरमधली बुखारी ही हिचीच बहीण.

हिवाळ्यात डोंगरातलं सगळं घर या तंदूरभोवती गोळा होतं. वर चहाची किटली, कधी वाफेवर शिजणारे सिड्डू, बाजूला लोकरीचे मोजे विणणारी आजी, तारेवर वाळत घातलेले कपडे. सफरचंदाच्या बागेत हिवाळी छाटणी झाली की त्याच फांद्या सरपणाला येतात. लाहौलमध्ये विलोची लाकडं. बाहेर पारा शून्याखाली आणि आत ही ऊब! पाहुण्याला वाटतं, स्वर्ग म्हणतात तो हाच. मात्र एकदा मान वळवून तंदूरमागच्या भिंतीकडे पाहायला हवं. ती बहुधा लाकडाची असते.

भूकंपाला पुरून उरलेली घरं

कुलू खोऱ्यातल्या जुन्या घरबांधणीला 'काठकुणी' म्हणतात. काठ म्हणजे लाकूड, कुणी म्हणजे कोपरा. देवदाराच्या तुळयांचा एक थर, त्यावर दगडांचा एक थर, अशी भिंत चढत जाते. मध्ये ना चुना, ना सिमेंट. जमीन हादरली की हे थर किंचित सरकतात, पण भिंत कोसळत नाही. बियासच्या डाव्या तीरावरचा नग्गरचा किल्ला असाच बांधलेला. ४ एप्रिल १९०५ च्या कांगडा भूकंपात आसपासची असंख्य घरं पडली. किल्ला उभा राहिला. आज तिथे हॉटेल आहे आणि पर्यटक त्याच्या सज्जातून बियासचं खोरं न्याहाळतात.

भूकंपाला दाद न देणारं हे लाकूड आगीपुढे मात्र हतबल ठरतं. देवदारात तेल असतं. घरं एकमेकांना खेटून, गल्ल्या अरुंद, वरच्या मजल्यावर गुरांसाठी साठवलेलं गवत. एक घर पेटलं की शेजारचं पेटायला वेळ लागत नाही. ५ जानेवारी २००८ रोजी मलाणा गावात लागलेली आग कित्येक तास धुमसत होती. घरांबरोबर जुन्या मंदिरांचे भागही जळाले. गावापर्यंत मोटाररस्ता नव्हता, मग बंब पोहोचणार कसा? ऑक्टोबर २०२१ मध्ये मलाणा पुन्हा पेटलं. प्रत्येक आगीचं मूळ तंदूर असतं असं नाही. पण जिथे बंब येऊ शकत नाही, तिथे ठिणगीच पडू न देणं हाच एक उपाय उरतो.

चूल सरकली भिंतीकडे

जुन्या घरात चूल वरच्या मजल्यावर, माती-दगडाच्या थरावर, भिंतींपासून दूर असे. खोलीभर धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे. पाइपवाल्या तंदूरने धूर बाहेर नेला, हे मोठंच सुख. पण पाइप बाहेर काढायचा म्हणून तो भिंतीकडे, खिडकीकडे सरकला. त्यात पर्यटन वाढलं. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि एरवी बर्फात कोंडलं जाणारं लाहौल हिवाळ्यातही पाहुण्यांना खुलं झालं. पाहुण्यांच्या खोल्यांना छान दिसावं म्हणून आतून लाकडी फळ्या बसल्या, आणि त्या फळ्यांपाशी तंदूर आला.

लाकूड पेटायला ज्वाळेचा स्पर्शच हवा असं नाही. तापलेल्या लोखंडाची धग वर्षानुवर्षं सोसणारं लाकूड आतून हळूहळू करपत जातं आणि पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेला पेट घेऊ शकतं. म्हणून "वीस वर्षं इथेच आहे, काही झालं नाही" हा दिलासा खोटा. विसावं वर्ष पहिल्यापेक्षा धोक्याचं असतं!

हवेची भिंत

मग किती अंतर हवं? अमेरिकेतली नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन ही संस्था सांगते : बनवणाऱ्याने अंतर ठरवून न दिलेली शेगडी लाकडी भिंतीपासून ३६ इंच दूर हवी. म्हणजे तीन फूट! लहान खोलीत एवढी जागा कुठून आणायची?

त्यावर तोड आहे. पण भिंतीला टाइल चिकटवल्या किंवा पत्रा ठोकला की काम झालं, ही समजूत चुकीची. टाइल तापते आणि ती धग थेट मागच्या लाकडाला देते. पत्रा लावायचा तो भिंतीपासून एक इंच पुढे, न जळणाऱ्या ठोकळ्यांवर, आणि खाली-वर फट मोकळी सोडून. ठोकळे शेगडीच्या अगदी मागे येऊ द्यायचे नाहीत. पत्रा तापला की मागची हवा तापून वर निघून जाते, खालून गार हवा आत येते. भिंत वाचवते ती ही वाहती हवा! असा रुंद-उंच पत्रा असेल, तर ३६ इंचांचं अंतर १२ इंचांवर आणता येतं. फट न सोडता नुसती विटांची भिंत बांधली, तर मात्र २४ इंच तरी सोडावेच लागतात.

धुराचा एकेरी पत्र्याचा पाइपही लाकडापासून १८ इंच दूर हवा. डोंगरात खिडकीची एक काच काढून, तिथे पत्रा बसवून त्यातून पाइप बाहेर काढतात. तिथे पाइप लाकडी चौकटीला खेटलेला तर नाही ना, हे आधी पाहावं. ओलं सरपण जाळलं की पाइपमध्ये डांबरासारखी काजळी साचते आणि एखाद्या रात्री तीच पेट घेते. म्हणून सरपण सुकं हवं आणि पाइपची सफाई वेळच्या वेळी. तंदूरखाली दगड किंवा पत्रा हवा. दारापुढे तो १८ इंच तरी पुढे यायला हवा, कारण निखारा पडतो तो तिथेच.

पाहुण्यांनो, एवढं करा

महाराष्ट्रातून बर्फ पाहायला जाणाऱ्या कुटुंबांना चुलीची सवय असली, तरी बंद खोलीतल्या शेगडीची नसते. तंदूर रसरशीत पेटलेला असताना मागच्या भिंतीवर तळहात टेकवून पाहावा. हात ठेववत नसेल, तर घरमालकाला लगेच सांगावं. पलंग, रजई, सामान तीन फूट दूर ठेवावं. ओले मोजे पाइपवर टाकू नयेत. झोपण्यापूर्वी आग विझत आल्याची खात्री करावी आणि खिडकी थोडी उघडी ठेवावी. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येताच जीव घेतो. राखेतले निखारे दुसऱ्या दिवशीही जिवंत असू शकतात, तेव्हा राख झाकणाच्या लोखंडी बादलीतच भरावी.

घरमालकालाही हे फार महागात पडत नाही. एक पत्रा, चार ठोकळे आणि एक इंच मोकळी जागा. भूकंप सोसणारी घरं ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी बांधली, त्यांना एवढं काम अवघड नाही. ते झालेलं असलं, की बाहेर बर्फ पडत असताना तंदूरपुढे निवांत बसावं आणि गरम सिड्डूवर तूप सोडावं!