निळ्या बाणाचं देणं

मला माउंटन बाइक चालवायला शिकवली ती सत्तरी ओलांडलेल्या एका माणसाने. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेट परगण्यात पूल नावाचं बंदर आहे. नोकरीनिमित्त तिथे राहायला गेले तेव्हा त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. उभी हयात त्यांनी वनखात्यात काढलेली. मी त्यांना काका म्हणायचे. राजापुराकडच्या मुलीच्या तोंडून शेजारच्या वडीलधाऱ्या माणसाचं नुसतं नाव निघत नाही, आणि त्यांनीही ते कधी काढायला लावलं नाही. त्यांच्या गॅरेजमध्ये लेकीची जुनी सायकल पडून होती. रुंद हँडल, जाड खाचांचे टायर. ती त्यांनी माझ्या उंचीला बसवून दिली, ब्रेकचे पॅड बदलले आणि एका रविवारी सकाळी मला खाडीपलीकडे घेऊन गेले. सायकलीचं देणं एक वेळ फिटेल. तिच्यावर बसवून त्यांनी जे दाखवलं, त्याचं फिटणं नाही.

पूलच्या खाडीच्या तोंडाशी सँडबँक्सहून स्टडलंडला जाणारी फेरी आहे. तळाशी टाकलेल्या साखळ्यांना धरून ती स्वतःला ओढत नेते आणि काही मिनिटांत पलीकडे लागते. तिथे आधी वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्या मागे हीथ. झाडं नसलेला, रेताड आणि आम्लधर्मी मातीचा उघडा माळ. गुडघाभर हेदरची झुडपं, मध्येच काटेरी गॉर्सची बेटं, सखल भागात काळ्या पाण्याची दलदल. थंडीच्या अखेरीला हे सगळं तपकिरी असतं. मला आमचा कातळाचा सडा आठवला. उन्हाळ्यात काळाठिक्कर, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेला, आणि ज्याच्या वाट्याला आला त्याने कपाळाला हात लावावा असा. मी तसं बोलूनही दाखवलं. काका काही बोलले नाहीत. पुढे वसंतात गॉर्स पिवळाधमक फुलला तेव्हा त्यांनी वाटेत सायकल थांबवली, काटे सांभाळून दोन फुलं तोडली, बोटांत चुरली आणि माझ्या नाकाशी धरली. ओल्या खोबऱ्याचा वास! नुकत्या फोडलेल्या नारळाचा, तंतोतंत. ‘हा तुझ्या ओळखीचा असेल,’ एवढंच ते म्हणाले. घरापासून हजारो मैलांवर, बोचऱ्या वाऱ्यात, त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिथून पुढे तो माळ मला परका राहिला नाही.

हीथवर सायकल चालवायची म्हणजे वाळूशी गाठ. टायरात हवा थोडी कमी ठेवायची, गिअर हलका, बूड मागे, हात सैल, आणि पाय थांबवायचे नाहीत. पुढचं चाक थोडं डगमगलं तर डगमगू द्यायचं. हँडल आवळून धरलं की ते रुततंच. उताराला मात्र काका एका गोष्टीत फार कडक होते. मागचा ब्रेक दाबून चाक घसरवत न्यायचं नाही. त्याचं कारण त्यांनी वाटेच्या कडेला बसवून दाखवलं. दक्षिणेकडे तोंड केलेल्या उघड्या वाळूत सँड लिझर्ड नावाची पाल अंडी घालते. उन्हाने तापलेली मोकळी वाळू हेच तिचं उबवणीघर, आणि घसरत्या चाकाखाली ती जागा उकरली जाते. ब्रिटनमध्ये मूळचे सरपटणारे प्राणी अवघे सहा जातींचे, आणि सहाही या पर्बेक भागातल्या हीथवर सापडतात. मे महिन्यात आफ्रिकेतून रातवा येतो. आपल्याकडच्या रातव्यासारखाच तोही घरटं न बांधता जमिनीवरच अंडी घालतो. म्हणून त्या दिवसांत वाट सोडून हातभरसुद्धा आत जायचं नाही. वाऱ्यावर स्वार होण्यासाठी लोक माउंटन बाइक घेतात. मला ती थांबण्यासाठी शिकवली गेली, आणि माझ्या मते यासारखं शिक्षण नाही.

थांबणं तिथल्या कायद्यातही आहे. कुंपणाच्या खांबावर, फाटकावर छोटे बाण असतात. पिवळा बाण म्हणजे फक्त पायी चालणाऱ्यांची वाट. निळा म्हणजे ब्रायडलवे, घोडेस्वारांची वाट. १९६८ च्या कंट्रीसाइड ॲक्टने या निळ्या बाणाच्या वाटांवर सायकलवाल्यांना हक्क दिला, पण अट घालून: पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची. घोडा दिसला की काका लांबूनच वेग कमी करायचे आणि मोठ्याने ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचे. माणसाचा आवाज ओळखला की जनावर बिचकत नाही. फाटक उघडं मिळालं तर उघडं ठेवायचं, लावलेलं मिळालं तर लावायचं. ब्रिटनचा दक्षिण-पश्चिम किनारा धरून जाणारी सुमारे ६३० मैलांची वाट बहुतांशी पायी चालणाऱ्यांची आहे. तिथे कितीही मोह झाला तरी त्यांनी सायकल घातली नाही. गवतावर आडवी ठेवायची, आणि समुद्र बघायला पायी जायचं.

हा निळा बाण माझ्यासाठी काय होता ते सांगायला हवं. परदेशात नव्याने आलेल्या माणसाचे दिवस कागद दाखवण्यात जातात. व्हिसा, भाडेकरार, बँकेचं पत्र, कामावरचा बिल्ला. प्रत्येक दारात आपण कोण हे सिद्ध करायचं. आणि इथे एका शेतकऱ्याच्या कुरणातून, त्याच्या मेंढ्यांमधून वाट जात होती आणि मला कुणी काही विचारत नव्हतं. शेत त्याचं, वाट सगळ्यांची. आमच्याकडे पाखाडीची वाट अशीच कुणाच्या ना कुणाच्या परड्यातून जाते, पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीची. पहिल्यांदा मी फाटकाशी घुटमळले तेव्हा काकांनी नकाशा उघडून त्यावरची तुटक हिरवी रेघ दाखवली आणि फाटक धरून मला पुढे जायला सांगितलं. ते मागून आले. त्या देशात माझं पाऊल ठरलं ते तिथे, असं मी आजही मानते.

हीथ संपली की रेम्पस्टोनची वनराई लागते. पाइनच्या रांगा, ओलसर सावली, वाटेवर आडवी मुळं. ओलं मूळ तिरकं गाठलं तर चाक निसटतं, म्हणून काटकोनातच ओलांडायचं. या भागातल्या पाइनच्या लागवडीत काकांचे तरुणपणीचे हात होते. महायुद्धांनी लाकडाची ददात दाखवून दिली होती. त्यामुळे हीथ म्हणजे वाया गेलेली जमीन आणि तिथे झाडं लावणं म्हणजे देशकार्य, असं त्या काळी सगळेच मानत. पुढे कळत गेलं की या माळाला माणसाने हजारो वर्षं राखलं होतं. कांस्ययुगात इथलं रान तुटलं, मग गुरं चरली, लोकांनी जळणाला गॉर्स तोडला, पीट काढलं, म्हणून तो उघडा राहिला. गेल्या अडीचशे वर्षांत डॉर्सेटच्या हीथपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक नाहीशी झाली: काही नांगराखाली, काही घरांखाली, काही पाइनखाली. १९६२-६३ च्या कडक हिवाळ्यानंतर गॉर्समध्ये राहणाऱ्या डार्टफर्ड वॉर्बलर या पक्ष्याच्या साऱ्या ब्रिटनमध्ये दहा-अकरा जोड्या उरल्या होत्या. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत काकांनी पाइन कापून हीथ परत मोकळी करण्याच्या कामावर देखरेख केली. स्वतः लावलेलं स्वतः उतरवलं. त्याबद्दल ते कडवटपणे कधी बोलले नाहीत. तेव्हा लाकूड हवं होतं, आता हे हवंय, असं सरळ सांगायचे.

२०२० च्या मे महिन्यात जवळच्या वेअरहॅमच्या वनात आग लागली आणि सुमारे २२० हेक्टर जळालं. नंतर तिथे फेकून देण्याजोग्या बार्बेक्यूंचे अवशेष सापडले. काका बरेच दिवस सायकलवर बसले नाहीत. त्याच वर्षी, आगीच्या आधी, पर्बेकच्या हीथचे तुकडे जोडून ३,३३१ हेक्टरांचं एकच राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र जाहीर झालं होतं, आणि ती बातमी त्यांनी कुंपणावरून हाक मारून मला वाचून दाखवली होती.

आमचा आवडता रस्ता स्टडलंडहून बॅलर्ड डाउनवर चढायचा. इथे वाळू संपते आणि खडूचा डोंगर सुरू होतो. पांढऱ्या मातीत गारगोट्यांच्या धारदार कपच्या, आणि पाऊस पडला की ती माती साबणासारखी निसरडी. वर आलं की एका बाजूला खाडी आणि हीथ, दुसऱ्या बाजूला इंग्लिश खाडीचं खुलं पाणी, समोर ओल्ड हॅरी नावाचे पांढरे सुळके आणि पलीकडे आइल ऑफ वाइट. हाच खडू एके काळी तिथपर्यंत सलग होता. मग धारेवरून पश्चिमेकडे, नाइन बॅरो डाउनवरच्या कांस्ययुगीन थडग्यांच्या उंचवट्यांजवळून, थेट १६४६ मध्ये सुरुंग लावून उद्ध्वस्त केलेल्या कॉर्फच्या किल्ल्यापर्यंत.

एका उन्हाळ्यात माझे वडील राहायला आले. सायकल त्यांना झेपण्यासारखी नव्हती. काकांनी गाडी काढली आणि आम्ही गॉडलिंगस्टन हीथवर पायी फिरलो. हेदर जांभळा झाला होता. दलदलीच्या कडेला काका गुडघे टेकून बसले आणि वडिलांना खूण केली. शेवाळात लाल, नखाएवढी पानं, त्यावर उभे केस, आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. एका थेंबात चिलट अडकलेलं. वडील वाकले आणि लगेच म्हणाले, ‘अगं, हे तर दवबिंदू! आपल्या सड्यावर असतंय.’ जात वेगळी, पण कुळ तेच. पावसाळ्यात आमच्या कातळावर पाणी झिरपतं तिथे ते उगवतं, हे वडिलांना माहीत होतं. मला नव्हतं, कारण मी सड्यावर त्या नजरेने कधी गेलेच नव्हते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी बराच वेळ ते तिथेच बसून होते, आणि मी दुभाष्याचं काम करत होते.

काका आता लेकीकडे उत्तरेला राहतात. गुडघ्यांनी सायकल सोडवली. हिवाळ्यात मी स्वयंसेवकांबरोबर हीथवर उगवलेली पाइनची रोपं उपटायला जाते आणि किती भाग मोकळा झाला ते त्यांना फोनवर सांगते. गेल्या पावसाळ्यात वडिलांनी गावाहून सड्यावरच्या दवबिंदूचे फोटो पाठवले, ‘काकांना दाखव’ म्हणून. मी पाठवले. काकांचा उलट प्रश्न आला: त्या सड्यावर गुरं कुणाची चरतात? मी तो वडिलांना विचारला. पूर्वी अख्ख्या गावाची चरायची, ते म्हणाले, आता जेमतेम चार घरांची उरलीत; तरी मोजून सांगतो, त्यांना म्हणावं दोन दिवस थांबा.