व्हॉल्व्हचा कल

'बायस' हा इंग्रजी शब्द मराठी वाचकाला बहुधा 'पूर्वग्रह' या अर्थाने परिचित आहे. संख्याशास्त्राच्या परिभाषेत त्यासाठी 'अभिनती' असा शब्द योजतात. दोन्ही ठिकाणी तो दोष मानला जातो आणि शक्य तितका काढून टाकावा अशीच अपेक्षा असते. गिटारच्या जुन्या पद्धतीच्या अ‍ॅम्प्लिफायरची दुरुस्ती करणारा कारागीर हा शब्द नेमका उलट्या अपेक्षेने उच्चारतो. ज्याचा बायस गेला तो व्हॉल्व्ह मरणपंथाला लागला, हे त्याला ठाऊक असते. कल असावा की नसावा हा त्याच्यापुढचा प्रश्नच नसतो. तो किती असावा, आणि आज दिसतो तो खरोखर मूळचाच आहे काय, एवढेच त्याला पाहायचे असते.

रेडिओच्या पाठीमागच्या पुठ्ठ्याच्या छिद्रांतून मंद नारिंगी उजेड पाहिलेली पिढी व्हॉल्व्ह ओळखते. ट्रान्झिस्टरने त्याला घराघरांतून हद्दपार केले, तरी विद्युत् गिटार वाजविणाऱ्यांनी त्याला सोडले नाही. क्षमतेपलीकडे ताणला असता व्हॉल्व्ह एकाएकी फाटत नाही, हळूहळू भरून येतो. त्या भरून येण्यालाच हे वादक स्वर मानतात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तापलेली तार आणि प्लेट यांच्या मध्ये तिसरा घटक बसविला. तीच ग्रिड, म्हणजे जाळी. पुढच्या काळातील शक्तिशाली व्हॉल्व्हमध्ये कॅथोडकडून प्लेटकडे धावणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या लोंढ्याला ही जाळी आवर घालते. त्यासाठी तिच्यावर कायम ऋण दाब ठेवावा लागतो. हा दाब म्हणजेच बायस.

अमेरिकेतील फुलर्टन गावी १९३८ साली रेडिओ दुरुस्तीचे दुकान काढणारे लिओ फेंडर स्वतः गिटार वाजवीत नसत. पण कोणता व्हॉल्व्ह कोठे बसतो याचा तक्ता त्यांच्या कंपनीच्या पेट्यांत आतल्या बाजूस चिकटविलेला असे. दुरुस्ती करणाऱ्याची आठवण ठेवणारा माणूस त्यात दिसतो. १९६३ साली आलेला 'ट्विन रिव्हर्ब' हा या कंपनीचा गाजलेला अ‍ॅम्प्लिफायर. त्यात ६एल६जीसी जातीचे चार व्हॉल्व्ह, दोन-दोनच्या दोन बाजू करून, आळीपाळीने ध्वनिलहरीचा एकेक अर्धा भाग उचलतात. प्लेटवर सुमारे ४६० व्होल्ट, ग्रिडवर उणे ५० च्या आसपास. या योजनेला 'फिक्स्ड बायस' म्हणतात. म्हणजे ज्यात कल हाताने ठरवावा लागतो तिचेच नाव 'स्थिर'! व्हॉक्स कंपनीच्या 'एसी३०'मध्ये कॅथोडखालचा रेझिस्टन्स स्वतःच कल सांभाळतो आणि तेथे फिरवायला काही नसते. नावे ठेवणाऱ्यांनी थोडा अधिक विचार करायला हवा होता.

मोजण्याची रीत सोपी आहे. कॅथोड आणि जमीन यांच्यामध्ये एक ओहमचा रेझिस्टन्स घातला की त्यावर जितके मिलिव्होल्ट दिसतात तितके मिलिअँपिअर त्या व्हॉल्व्हमधून वाहत असतात. ६एल६जीसीची प्लेट ३० वॅट उष्णता सोसते. काही वाजत नसताना त्याच्या सत्तर टक्क्यांवर, म्हणजे २१ वॅटवर जाऊ नये, असा संकेत आहे. ४६० व्होल्टला तो ४५ मिलिअँपिअर होतो. ही कमाल मर्यादा आहे, गाठायचे ध्येय नव्हे, याचे भान अनेकांना राहत नाही. ३५ वरही हे यंत्र उत्तम बोलते. ग्रिड फारच ऋण केली तर एका बाजूने हात सोडला आणि दुसरीने अजून धरला नाही अशी पोकळी लहरीच्या मध्यावर पडते. ती मोठ्या गर्जनेत लपते आणि हलक्या हाताने छेडलेल्या खर्जात मात्र कोरड्या खरखरीसारखी ऐकू येते. उलट कल कमी पडला तर प्लेट चेरीसारखी लाल होऊ लागते. तंतूचा नारिंगी उजेड स्वाभाविक, काचेवरची निळसर झाक बहुधा निरुपद्रवी. धातूच्या प्लेटवर चढणारी लाली मात्र एक मिनिटही पाहत बसण्याजोगी नसते.

लाली दिसताच मीटर लावून स्क्रू फिरविण्याचा मोह होतो. आकडा खाली येतो, लाली विरते, गिऱ्हाईक पैसे देऊन जाते. येथेच चांगला कारागीर आणि नुसता हुशार माणूस यांच्या वाटा वेगळ्या होतात. चांगला कारागीर आधी लाली कोणाकोणाला आहे ते पाहतो. चारही व्हॉल्व्ह लाल असतील तर संशय ऋण दाब पुरविणाऱ्या भागावर: तेथला डायोड किंवा वाळून गेलेला कंडेन्सर. एकच लाल असेल तर तो दुसऱ्याशी अदलाबदल करून पाहायचा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह नासला. जागेवरच राहिली तर सॉकेटची सैल पकड किंवा निखळलेला डाख. एकाच बाजूचे दोन लाल असतील तर मात्र प्रकरण नाजूक असते. मागच्या टप्प्यातील दोनशेहून अधिक व्होल्ट अडवून केवळ स्वर पुढे सोडणारा कंडेन्सर झिरपू लागलेला असतो. पाचसात व्होल्ट जरी त्यातून आले तरी तेवढा ऋण दाब खाल्ला जातो. दोन्ही बाजूंना एकाच उगमातून दाब मिळत असल्यामुळे या आजारी बाजूला वाचविण्यासाठी स्क्रू फिरविला की निरोगी बाजू उपाशी राहते. शिवाय यंत्र तापेल तशी गळती वाढते, आणि अर्ध्या मैफलीत लाली परत येते.

१९६५ साली सीबीएसने फेंडर कंपनी विकत घेतली. त्यानंतर, त्या दशकाच्या अखेरीपासून, या स्क्रूच्या जागी दोन बाजूंचा केवळ समतोल साधणारी कळ आली. कल एकूण किती, हे तिने ठरत नाही. झिरपणाऱ्या कंडेन्सरची चूक तेवढ्यापुरती झाकण्याची सोय मात्र तिने होते; दोन्ही आकडे सारखे दिसतात आणि सगळे ठीक वाटते. अनेक दुरुस्तीकार हा भाग बदलून जुनी पद्धत परत आणतात, ते योग्यच आहे.

म्हणून तो चारही व्हॉल्व्ह उपटून ठेवतो आणि रिकाम्या सॉकेटांवर पाचव्या पिनेचा दाब मोजतो. सगळीकडे तो सारखाच हवा. एका बाजूला कमी भरला, तर वीज तोडून संशयित कंडेन्सरचे पुढचे टोक सोडवायचे आणि तेथे काही उतरते का ते पुन्हा पाहायचे. वीज काढल्यावरही मोठे कंडेन्सर माणूस मारण्याइतका भार धरून बसतात. ते रेझिस्टन्समधून रिकामे करून, मीटरने खात्री करूनच बोटे आत जातात. चालू यंत्रात मोजताना एक हात खिशात असतो. स्पीकर जोडल्यावाचून यंत्र चालवायचे नाही, हेही तितकेच पक्के.

नवा कंडेन्सर बसल्यावर, व्हॉल्व्ह परत घालून, पहिल्यांदाच तो स्क्रूला हात लावतो. आकडे ३६, ३७, ३६, ३८. मग अर्धा तास नुसते थांबणे. वादक अस्वस्थ होऊन एकदोनदा घड्याळ पाहतो, शेवटी गिटार जोडून खालची तार हलकेच छेडतो. कारागिराची नजर प्लेटांवर असते, कान तारेकडे. आकडे पुन्हा वाचून तो कागदाच्या चिटोऱ्यावर तारीख, प्लेटचा दाब आणि चार प्रवाह लिहितो, 'कंडेन्सर बदलला' अशी ओळ जोडतो आणि चिटोरा तक्त्याशेजारी आत चिकटवून मागची फळी बसवितो.